चढ, वारा आणि मधला गिअर

हौसेने रोड सायकल चालवणाऱ्याने कोणते गिअर घ्यावेत, या प्रश्नाचा विचार करायला डहाणू आणि तलासरी हे तालुके फार सोयीचे आहेत. इथे एका दिवसाच्या रपेटीत तीन निरनिराळे प्रदेश भेटतात. डहाणूहून नरपड, चिखले, घोलवड करत बोर्डीला जाणारा रस्ता समुद्राला धरून, चिकूच्या वाड्या आणि सुरूची बने यांतून जातो. त्यावर चढ म्हणावा असा चढ नाही. पूर्वेला आशागडवरून चारोटीकडे निघाले की जमीन हळूहळू वर-खाली होऊ लागते आणि चारोटीला मुंबई–अहमदाबाद महामार्ग येऊन मिळतो. तो उत्तरेला तलासरीवरून अच्छाडपाशी गुजरातेत शिरतो. रुंद, अवजड ट्रकांनी भरलेला, लांबलचक मंद चढ-उतारांचा असा हा रस्ता. महामार्ग ओलांडून कासा, सायवन, उधवा या बाजूला गेले की डोंगराळ मुलूख सुरू होतो, आणि कासा-तलवाडा करत जव्हार गाठले तर आपण समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटरवर असतो. हे तिन्ही रस्ते एकाच सायकलवर आनंदाने करायचे असतील तर गिअरची निवड कुठून सुरू करावी? सायकल विकत घेताना बहुतेकांची नजर आधी सर्वांत मोठ्या गिअरवर जाते, म्हणजे गाडी किती पळेल यावर. माझे म्हणणे असे आहे की क्रम नेमका उलटा हवा. रोजच्या वेगाला लागणारा मधला गिअर आधी ठरवावा, मग सर्वांत वाईट चढाला पुरेल असा सर्वांत हलका गिअर, आणि या दोहोंतून जो उरेल तो मोठा गिअर मानून घ्यावा.

त्यासाठी थोडे गणित लागते, पण ते शाळेतल्या गुणाकार-भागाकारापलीकडे जात नाही. पुढच्या चेनरिंगच्या दात्यांना मागच्या चक्राच्या दात्यांनी भागले की पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक किती फेरे घेते ते कळते. त्याला चाकाच्या परिघाने गुणले की एका फेऱ्यात सायकल किती मीटर पुढे जाते ते मिळते. ७०० मिलिमीटरच्या चाकावर २८ मिलिमीटर रुंदीचा टायर असेल तर परिघ साधारण २.१३ मीटर येतो. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या रोड सायकलींवर बहुधा पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चेनरिंग असतात, आणि मागच्या कॅसेटमध्ये ११ पासून २८ किंवा ३२ दात्यांपर्यंतची चक्रे. ५० वर ११ लावले तर एका फेऱ्यात ९.७ मीटर अंतर जाते. ३४ वर २८ लावले तर २.६ मीटर. मिनिटाला ८० फेरे, म्हणजे सरावलेल्या हौशी सायकलस्वाराला सहज जमणारी गती धरली, तर पहिला गिअर ताशी ४६ किलोमीटरचा आणि दुसरा ताशी साडेबारा किलोमीटरचा ठरतो.

आता पाय काय देऊ शकतात ते पाहू. सत्तर किलोचा, नियमित पण हौसेने चालवणारा माणूस तासभर टिकवू शकेल अशी ताकद १५० वॉटच्या आसपास धरणे वास्तवाला धरून होईल. सायकल, पाणी, पंक्चरचे सामान धरून एकूण वजन ८५ किलो होते. सपाट आणि निवांत रस्त्यावर ताशी २५ किलोमीटर राखायला अशा सायकलस्वाराला साधारण ११० वॉट लागतात. ताशी ३५ ला २५० च्या घरात, ताशी ४० ला ३५० हून अधिक. वाढ इतकी भयंकर असण्याचे कारण हवा. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून वेग दुप्पट करायचा तर तेवढ्या भागासाठी ताकद आठपट लागते. ५०-११ हा गिअर मिनिटाला ८० फेऱ्यांनी सपाटीवर फिरवायचा तर ५०० वॉटच्या वर जावे लागेल. एवढी ताकद तासभर टिकवणे व्यावसायिक स्पर्धकांनाही जमत नाही. म्हणजे दुकानात ज्या गिअरकडे पाहून आपण सायकल घेतो, तो सपाट रस्त्यावर आपल्यासाठी जवळपास नसतोच.

किनाऱ्यावर याच हिशेबात वारा शिरतो. हिवाळ्यात पहाटे वारा जमिनीकडून येतो. दिवस तापला की उलटतो आणि दुपारी समुद्रावरून, पुष्कळदा वायव्येकडून वाहू लागतो. पावसाळ्यात तो नैर्ऋत्येचा असतो. बोर्डीचा रस्ता जवळजवळ दक्षिणोत्तर असल्यामुळे हिवाळ्यातल्या दुपारी डहाणूहून बोर्डीला जाताना तोंडावर वारा येतो, तर पावसाळ्यात परतताना. ताशी १५ किलोमीटरचा समोरचा वारा हा काही वादळी वारा नव्हे. झावळ्या हलवणारा, अंगाला बरा वाटणारा वारा. पण त्यात ताशी २५ राखायला ११० ऐवजी सुमारे २२० वॉट लागतात. १५० वॉट देणाऱ्याचा वेग ताशी २८ वरून २० किंवा २१ वर येतो. ‘आमच्याकडे सगळे सपाट आहे, आम्हाला हलके गिअर कशाला’ या नेहमीच्या म्हणण्याला पहिले उत्तर इथेच मिळते. चढाला माथा असतो आणि माथ्यानंतर उतार येतो. समोरचा वारा मात्र बोर्डी येईपर्यंत सुटत नाही. सपाट रस्त्यावरच्या माणसालाही पुष्कळ वेळ मध्यम-हलक्या गिअरमध्येच काढावा लागतो.

तेव्हा इथल्या हौशी माणसाचा खरा वेग ताशी १८ ते २७ च्या पट्ट्यात आहे: वारा समोर असता १८-२०, शांत सकाळी २५-२७. हा पट्टा नेहमीच्या सायकलवर कुठे पडतो ते पाहण्यासारखे आहे. आठ चक्रांची ११ ते २८ ची कॅसेट घ्या. तिचे दाते ११, १३, १५, १७, १९, २१, २४, २८ असे असतात. मिनिटाला ८० फेऱ्यांनी, पुढे ५० ठेवून १९ वर ताशी २७, २१ वर २४, २४ वर २१ आणि २८ वर १८ असा वेग मिळतो. म्हणजे आपला रोजचा सगळा पट्टा मोठ्या चेनरिंगला आणि कॅसेटमधल्या सर्वांत मोठ्या चार चक्रांना चिकटलेला आहे. तिथे साखळी तिरकी होते, आणि २८ वर तर पुरती तिरपी ओढली जाते. लहान चेनरिंगवर यावे, तर तेच वेग ३४ बरोबर १३, १५, १७, १९ वर मिळतात, आणि आता साखळी दुसऱ्या बाजूला तिरकी होते. जी चक्रे साखळीच्या सरळ रेषेत, कॅसेटच्या मधोमध आहेत, ती दोन्ही वेळा या पट्ट्याच्या कडेला पडतात. म्हणून किनाऱ्यावर वाऱ्याची झुळूक आली-गेली की पुढची चेनरिंग बदलावी की मागे सरकत राहावे, असा प्रश्न पुन्हा पुन्हा पडतो. ५० वरून ३४ वर उडी मारली की गिअर एकदम ३२ टक्क्यांनी हलका होतो. पाय क्षणभर मोकळे फिरतात आणि ती तूट भरायला मागे दोन-तीन चक्रे उलटी बदलावी लागतात. हा त्रास सायकलस्वाराच्या अनाडीपणामुळे होत नाही. चक्रांची निवड वेगळ्या ताकदीच्या माणसासाठी झालेली असते.

पुढे ४६ आणि ३० ठेवले तर चित्र बदलते. ४६ बरोबर १७ वर ताशी पावणेअठ्ठावीस, १९ वर जवळपास २५, २१ वर २२, २४ वर साडेएकोणीस. तोच पट्टा कॅसेटच्या मध्याकडे सरकला, साखळी सरळ झाली, आणि चढ लागेपर्यंत पुढच्या चेनरिंगला हात लावायची गरज उरली नाही. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ४६ वरून ३० वर येतानाची उडी ५०-३४ पेक्षा लहान नाही. उलट थोडी मोठीच, ३५ टक्क्यांची आहे. फायदा उडीच्या लांबीत नाही, ती क्वचित मारावी लागते यात आहे. ४८ आणि ३२ ही जोडीही याच दिशेने अर्धी वाट चालते.

आता चढ. डहाणू ते जव्हार हे अंतर साठेक किलोमीटर आणि उंची साडेचारशे मीटर, म्हणजे सरासरी चढ एक टक्काही भरत नाही. सरासरीवर विसंबून निर्णय घेणाऱ्याची फसगत इथे ठरलेली, कारण पायांना सरासरी चढ कधी चढावा लागत नाही. अर्धा रस्ता जवळपास सपाट जातो आणि उंची शेवटच्या टप्प्यांत गोळा होते. मध्ये ओढ्यांकडे उतरून पुन्हा चढावे लागते, ते वेगळेच. सहा टक्क्यांच्या चढावर १५० वॉट देणाऱ्या आपल्या सायकलस्वाराचा वेग ताशी सव्वानऊ किलोमीटर असतो. ३४-२८ या गिअरमध्ये त्याचे पाय मिनिटाला ५९ फेरे घेतात. ३४-३४ मध्ये ७२. ३०-३४ मध्ये ८१. चढ आठ टक्के झाला की वेग ताशी सातवर येतो आणि हेच आकडे अनुक्रमे ४६, ५६ आणि ६३ होतात. पूर्वीच्या शर्यतीच्या सायकलींवर ३९-२५ हा सर्वांत हलका गिअर असे. त्यात तर मिनिटाला ३६ फेरेच उरतात, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला दीड सेकंदाहून अधिक. ताकद तीच, पण फेरे कमी झाले की प्रत्येक दाबातले बळ तेवढ्याच पटीने वाढवावे लागते. ६३ ऐवजी ४६ फेऱ्यांनी चढायचे तर गुडघ्यावरून जाणारा दाब सदतीस टक्क्यांनी वाढतो, आणि तो प्रत्येक फेऱ्याला, संपूर्ण चढभर. चैत्र-वैशाखातल्या उकाड्यात, चाळीस किलोमीटर झाल्यानंतर, या फरकावर चढ सायकलवर बसून पार पडतो की उतरून, हे ठरते.

यावर पहिला आक्षेप येतो तो अनुभवी माणसांचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. याच रस्त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या लोक काळ्या, जड, एकाच गिअरच्या सायकलींवर फिरले. पाड्यांवरून बाजाराला आले, मागे पोते बांधून परत गेले. शाळेला जाणारी मुले आजही तशाच सायकलींवर जातात. मग गिअरचे हे कौतुक कशाला? पण त्या सायकलीचा वापर नीट पाहिला तर तिलाही दोन गिअर असतात: एक बसून चालवायचा आणि दुसरा उतरून ढकलायचा. चढ आला की माणूस निमूटपणे उतरतो, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. तिचा एकुलता एक गिअरही सपाटीवरच्या मध्यम वेगासाठी बसवलेला असतो. म्हणजे मधला गिअर आधी ठरवावा, हे तत्त्व त्या सायकलीने कधीच मान्य केले आहे. रोड सायकलवाल्याला ढकलायचे नसेल तर दुसऱ्या गिअरची सोय चक्रांतून करावी लागते, एवढाच फरक.

दुसरा आक्षेप अभिमानाचा आहे: हलका गिअर घेतला की पाय आळशी होतात, जड गिअरवर चढ चढा, आपोआप ताकद येईल. या वादाला सव्वाशे वर्षे होत आली. फ्रान्समध्ये सेंत-एतियेनच्या पॉल द विव्ही यांनी, जे वेलोसियो या टोपणनावाने लिहीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बदलत्या गिअरचा आग्रह धरला. ‘तूर द फ्रान्स’ सुरू करणारे आंरी देग्रांज यांच्या मते मात्र गिअर बदलणे हे खऱ्या खेळाडूला शोभणारे नव्हते, आणि त्या शर्यतीत स्पर्धकांना डिरेलर, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे साधन, वापरायची परवानगी मिळायला १९३७ साल उजाडावे लागले. पुढे काय झाले ते उघड आहे. शिमानोने २०२१ मध्ये शर्यतीसाठीच्या आपल्या सर्वोच्च संचाची नवी आवृत्ती काढली तेव्हा त्यात ११-३० आणि ११-३४ या कॅसेट ठेवल्या. आपल्याहून दुपटीहून अधिक ताकदीचे स्पर्धक डोंगरात ३४ दात्यांचे चक्र लावतात, आणि आपण २८ वर अडून राहतो, याला तर्काचा आधार उरत नाही. ताकद वाढते ती अधिक वेळ आणि अधिक वेळा सायकल चालवल्याने, आणि जिचे गुडघे दुसऱ्या दिवशी दुखत नाहीत ती व्यक्तीच अधिक वेळा सायकल बाहेर काढते.

तिसरा आक्षेप शास्त्राकडून येतो आणि तो सर्वांत वजनदार आहे. कमी ताकदीने चालवताना मिनिटाला पन्नास-साठ फेऱ्यांच्या आसपास प्राणवायू सर्वांत कमी लागतो, असे प्रयोगांत दिसले आहे. मग ८० चा आग्रह का? ही गोष्ट खरी आहे, आणि म्हणूनच हौशी माणसाने स्पर्धकांसारखे शंभर फेरे मारायचा अट्टहास करू नये, असे मला वाटते. पण प्राणवायूचा खर्च हा एकच खर्च नाही. हळू आणि जोरात दाबलेल्या पायडलने मांड्यांचे स्नायू लवकर थकतात. प्रयोगशाळेतले काही मिनिटांचे मोजमाप पाच तासांच्या रपेटीला तसेच लागू करता येत नाही. शिवाय हलका गिअर असला म्हणजे भराभर फिरवलाच पाहिजे असे बंधन कुठे आहे? ज्याला साठ फेरे आवडतात त्यालाही आठ टक्क्यांच्या चढावर साठ फेरे राखायला ३०-३४ च लागतो; ३४-२८ वर तो सेहेचाळीसला अडकतो.

उतारावर मोठा गिअर कमी पडेल, ही भीती गणिताने लगेच दूर होते. पाच टक्क्यांच्या उतारावर आपला ८५ किलोचा सायकलस्वार पायडल न मारता, हात ब्रेकच्या मुठींवर ठेवून, ताशी अठ्ठेचाळीसच्या आसपास जातो. ४६-११ हा गिअर मिनिटाला ९० फेऱ्यांनी नेमका तेवढाच वेग देतो. त्याहून तीव्र उतारावर पायडल मारणे म्हणजे वळणावळणाच्या, कडेला खडी सांडलेल्या रस्त्यावर उगाच जोखीम घेणे. वेळेचे बंधन असलेल्या लांब पल्ल्याच्या ब्रेव्हेतांचा हिशेबही हेच सांगतो. २०० किलोमीटरला तिथे साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून सरासरी ताशी पंधराहूनही कमी. ही वेळ हुकते ती बहुधा उशिरा लागलेल्या चढावर पाय संपल्यामुळे. उतारावर दोन किलोमीटरने वेग कमी पडला म्हणून कुणाची वेळ हुकत नाही.

एका आक्षेपापुढे मात्र मला माझे म्हणणे थोडे मागे घ्यावे लागते. कॅसेट जितकी पसरट, तितके तिच्या चक्रांमधले अंतर मोठे. आठ चक्रांची ११-३४ घेतली तर शेवटी २६ वरून एकदम ३४ वर जावे लागते, म्हणजे ३१ टक्क्यांची झेप; ११-३२ मध्ये १५ नंतर थेट १८ येते, आणि ही २० टक्क्यांची फट नेमकी सपाटीवरच्या वेगात पडते. वाऱ्यात चालवताना एक गिअर जड आणि पुढचा फार हलका, असे सतत जाणवते. त्यामुळे जो माणूस वर्षभर डहाणू-बोर्डी-उंबरगाव एवढ्याच पट्ट्यात फिरणार आहे, त्याला आठ चक्रांच्या सायकलवर ११-२८ हीच कॅसेट बरी. त्याने फार तर पुढची मोठी चेनरिंग ४६ ची करावी. पण मागे अकरा चक्रे असली तर हा पेच सुटतो. त्यातली ११-३४ ही १७, १९, २१, २३, २५ अशी दोन-दोन दात्यांनी चढते, म्हणजे नऊ ते बारा टक्क्यांच्या पायऱ्या. मोठ्या झेपा शेवटी, ३० आणि ३४ ला, जिथे चढ चढताना त्या खुपत नाहीत. तेव्हा तलासरी-उधव्याच्या बाजूला राहणाऱ्याने, किंवा महिन्याकाठी जव्हारकडे वळणाऱ्याने, पुढे ४६-३० आणि मागे अकरा चक्रांची ११-३४ हा संच शोधावा. नवी सायकल घेताना रंगापेक्षा आणि चौकटीच्या ग्रॅमपेक्षा हे दात्यांचे आकडे दुकानदाराकडून आधी विचारून घ्यावेत.

सायकल आधीच घरात असेल तर बदलांचा क्रम खर्चावरून ठरतो. ५०-३४ च्या क्रँकवर नेहमीचे पाच बोल्टचे ११० मिलिमीटरचे वर्तुळ असेल, तर त्यावर ३० दात्यांची चेनरिंग बसतच नाही. ३४ हीच व्यवहारात तिची खालची मर्यादा. म्हणजे ४६-३० साठी अख्खा क्रँक बदलावा लागतो आणि पुढचा डिरेलरही खाली सरकवावा लागतो. मागची कॅसेट बदलणे त्या मानाने स्वस्त आणि अर्ध्या तासाचे काम आहे, म्हणून सुरुवात तिथून करावी. त्याआधी मागच्या डिरेलरला दोन गोष्टी झेपतील का ते पाहायचे. एक, तो सर्वांत मोठे किती दात्यांचे चक्र घेतो. दोन, त्याचा पिंजरा किती ढिली साखळी गोळा करतो. दुसऱ्याचा हिशेब सोपा आहे: पुढच्या दोन चेनरिंगमधला फरक आणि मागच्या सर्वांत मोठ्या व लहान चक्रांमधला फरक यांची बेरीज. ५०-३४ आणि ११-३४ साठी ती १६ अधिक २३, म्हणजे ३९ होते. ४६-३० साठीही तेवढीच, म्हणून पुढेमागे क्रँक बदलला तरी हाच डिरेलर चालतो. आखूड पिंजऱ्याचा डिरेलर एवढी साखळी सांभाळू शकत नाही. लांब पिंजऱ्याचा लागतो. मोठे चक्र बसवले की जुनी साखळी बहुधा तोकडी पडते. कारागिराने नवी घालून साखळी पुढे मोठ्या चेनरिंगवर आणि मागे ३४ वर चढवून पाहावी. प्रत्यक्षात हा गिअर वापरायचा नसला तरी चढावर घाईत तो कधीतरी लागतोच, आणि तेव्हा डिरेलरचा पिंजरा ताणून सरळ रेषेत आला तर तो मोडून आऱ्यांत जाऊ शकतो. अशी सायकल साखळीत दोन कड्या वाढवल्याशिवाय दुकानाबाहेर काढू नये.